व्यसनमुक्ती केंद्रात रुग्ण स्वतःला इजा करतो तेव्हा : डिस्चार्ज की उपचार?

तालुक्याचा_समुपदेशक

नमस्कार. मी एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. आमच्या प्रवेश अर्जाच्या मागे नियम छापलेले आहेत. त्यांत मारामारी, चोरी आणि बाहेरून तंबाखू मागवणे यांच्याच रांगेत 'स्वतःस इजा केल्यास तत्काळ डिस्चार्ज' असे एक कलम आहे. ते कोणी घातले हे आज कोणालाच सांगता येत नाही, पण ते अमलात मात्र येते. दारू, गर्द (हेरॉइन), एमडी (मेफेड्रोन) किंवा झोपेच्या गोळ्या यांसाठी दाखल झालेला, बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा पहिले काही दिवस कसेबसे काढतो, शरीर सावरू लागते, जेवण जाऊ लागते, आणि नेमके तेव्हाच एखाद्या रात्री तो स्वतःला इजा करून घेतो. विचारले तर म्हणतो, 'मरायचं नव्हतं सर, डोकं शांत करायचं होतं.' दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे वडील बॅग न्यायला आलेले असतात.

ज्या त्रासातून व्यसन आले त्याच त्रासातून हेही आले असावे, असे मला वाटते. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, आधी व्यसन सुटू द्या, बाकीचे नंतर मानसोपचारतज्ज्ञ पाहतील. ज्यांनी अशा केंद्रांत काम केले आहे, उपचार घेतले आहेत किंवा घरी हा प्रश्न हाताळला आहे, त्यांनी कृपया लिहावे. प्रवेशाच्या वेळी याबद्दल थेट विचारावे का, हेही जाणून घ्यायचे आहे, कारण विचारल्याने डोक्यात कल्पना भरते अशी आमच्याकडे भीती आहे.

संपादक_मंडळ

धागा महत्त्वाचा असल्याने राहू देत आहोत. कृपया इजेचे प्रकार, साधने किंवा जखमांची वर्णने लिहू नयेत; तसे प्रतिसाद पूर्वसूचना न देता काढले जातील. वाचणाऱ्यांपैकी कोणाला आत्ता त्रास होत असेल, तर टेलिमानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जिवाला धोका असेल तर थेट ११२ किंवा १०८ लावावा.

तर्ककर्कश

मी एका केंद्राचे व्यवस्थापन पाहतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे भाग आहे. रात्री आमच्याकडे एक सेवक असतो आणि हॉल भरलेला असतो. एकाने असे केले की पुढच्या काही दिवसांत दुसरा करतो, हे आम्ही पाहिलेले आहे. काही बरेवाईट झाले तर नातेवाईक समुपदेशकाकडे नव्हे, व्यवस्थापकाकडे येतात. ज्या रुग्णाची काळजी घेण्याची आपली तयारी नाही त्याला ठेवून घेणे हा दयाळूपणा नव्हे. डिस्चार्जचा नियम कठोर असेल, पण तो अप्रामाणिक नाही.

वैद्यबुवा_नाशिक

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तर्ककर्कश यांची अडचण खरी आहे. तिच्याकडे नंतर येतो.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण तिथे चूक झाली तर जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही रुग्णांना भ्रम होतो. अंगावर किडे चालत असल्यासारखे दिसते, रुग्ण अंग ओरबाडतो, त्याला दिवस-रात्र कळत नाही, घाम फुटतो, हात थरथरतात. ही आपल्या धाग्यातली इजा नव्हे. ही वैद्यकीय आणीबाणी आहे आणि अशा रुग्णाला समुपदेशनाची नव्हे, त्याच क्षणी रुग्णालयाची गरज असते.

आता मूळ प्रश्न. मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा करणे याची अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात नोंद आहे, पण ती पक्के निदान म्हणून नसून 'अधिक अभ्यासाची गरज असलेल्या स्थिती' या विभागात आहे. म्हणून त्याचे लेबल लावण्याची घाई करू नये, ते कशासाठी घडते आहे हे शोधावे. बहुतेकांच्या बाबतीत असह्य झालेली भावना काही मिनिटांपुरती खाली आणणे, हेच ते काम असते. काही जण बधिरपणातून बाहेर येण्यासाठी करतात, काही स्वतःला शिक्षा म्हणून, तर काहींना जे शब्दांत सांगता येत नाही ते दुसऱ्यापर्यंत पोचवायचे असते. दारूही यांतली बरीच कामे करत असते. आपण दारू काढून घेतो, पण ज्या कामासाठी ती लागत होती ते काम तसेच उरते. त्यामुळे 'आधी व्यसन, मग बाकीचे' हा क्रम कागदावर सोपा दिसला, तरी पहिल्या आठवड्यांत तोच रुग्णाला उघड्यावर टाकतो.

हेतू मरण्याचा नव्हता म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे आहे. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला असतो आणि व्यसन त्यात भर घालते. त्यामुळे प्रत्येक प्रसंगानंतर मरणाच्या विचारांबद्दल स्वतंत्रपणे, स्पष्ट शब्दांत विचारलेच पाहिजे. 'मागच्या वेळी नाही म्हणाला होता' हे उत्तर चालत नाही. विचारल्याने कल्पना भरते या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. उलट कोणीतरी विचारले याचेच अनेकांना हायसे वाटते.

मी_अजून_इथेच

रुग्ण म्हणून लिहितो आहे. सध्या पीत नाही.

मी ज्या केंद्रांत राहिलो तिथे माझी लिव्हरची तपासणी झाली, वजन झाले, किती वर्षे पितो हे तर प्रत्येकाने विचारले. मात्र भर मे महिन्यात हा मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणे लावून का बसतो, असे विचारायला कोणी तयार नव्हते. दिसत सगळ्यांना होते.

शेवटच्या केंद्रात एक सिस्टर होत्या. त्यांनी जखम धुऊन पट्टी केली. त्यांनी रागावणे तर दूरच, डोक्यावरून हातही फिरवला नाही, आणि हात पुसत विचारले, 'दुपारच्या चहापासून काय काय झालं ते सांग.' मला वाटले होते 'का केलंस' विचारतील. 'का' चे उत्तर माझ्याकडे नव्हते, चहापासूनचे मात्र होते. चहाच्या वेळी भावाचा निरोप आला की रविवारी भेटायला जमणार नाही. संध्याकाळच्या गटात मला घरच्यांना दिलेल्या त्रासाची यादी सर्वांसमोर वाचायला लावली होती. जेवण गेले नाही. दिवे गेल्यावर शेजारच्या खाटेवरचा घोरू लागला आणि मी एकटा जागा राहिलो. सिस्टरांनी ते तारखेसह वहीत उतरवले आणि म्हणाल्या, 'यातली कोणती जागा आपल्याला आधी पकडता येईल?' आम्ही जेवणाची जागा निवडली. जेवण गेले नाही तर मी सेवकाला सांगायचे आणि त्याने मला हॉलऐवजी ऑफिसशेजारच्या खाटेवर झोपू द्यायचे. त्यानंतर सगळे थांबले असे नाही, पण पहिल्यांदाच ते मला बाहेरून दिसू लागले.

जुना_गडी

आमच्या काळी केंद्रात दारू सोडायला गेलेला माणूस बाहेर येताना दिवसाला वीस कप चहा आणि दोन बंडल बिड्यांचे नवे व्यसन घेऊन यायचा आणि सगळे त्याचा सत्कार करायचे. एक गोष्ट बंद केली की दुसरी डोके वर काढते, हे सांगायला डॉक्टरांना एवढे लिहावे लागले. आमच्या टपरीवाल्याला ते आधीच ठाऊक होते.

गंमत बाजूला ठेवतो. मी एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटात बरीच वर्षे आहे. यादी वाचायला लावण्याबद्दल वर जे आले आहे ते मनाला लागले. आमच्या बारा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीचा आत्मपरीक्षणाचा भाग नवख्या माणसाकडून, तोही भरलेल्या हॉलसमोर, घाईने करवून घेणे हे आमच्या पद्धतीतही बसत नाही. ज्याला आधीच स्वतःची किळस वाटते, त्याच्याकडून आणखी पुरावे कशासाठी गोळा करायचे? स्पॉन्सरला, म्हणजे नवख्याला सांभाळणाऱ्या जुन्या सदस्याला, थांबता आले पाहिजे.

रात्रपाळी_लीड्स

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे नाइस या उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्यांच्या देखभालीविषयी नवी मार्गदर्शिका काढली. वारंवार इजा करणाऱ्या व्यक्तीवर उपाय म्हणून शिक्षा देणारी पद्धत वापरू नये, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. गुणांकन करणाऱ्या प्रश्नावल्यांवरून 'हा पुन्हा करेल, हा करणार नाही' असे भाकीत करू नये आणि त्या गुणांवर कोणाला उपचार द्यायचे हे ठरवू नये, असेही त्यात आहे.

पण इथे सगळे आलबेल आहे असा समज नको. व्यसनाची सेवा म्हणते आधी मनाचे बघा, मनाची सेवा म्हणते आधी शुद्धीवर या, आणि रुग्ण दोन्ही दारांच्या मध्ये उभा असतो. तुमच्याकडे निदान दोन्ही एका छपराखाली आणायची संधी आहे, कारण माणूस केंद्रातच राहतो.

तर्ककर्कश

'शिक्षा नको' हे मान्य. पण माझ्या एका प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. एकाचे पाहून दुसरा करतो, त्याचे काय?

वैद्यबुवा_नाशिक

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. बंदिस्त वॉर्डांत आणि वसतिगृहांत असे होते. त्यावर उपाय मात्र हकालपट्टी नव्हे. हकालपट्टीमुळे ती घटनाच हॉलमधली सर्वांत मोठी बातमी होते. घटना घडली की जखमेवर बाजूच्या खोलीत उपचार करावेत, गटात तिचे तपशील निघू देऊ नयेत, 'आपल्यातल्या एकाला रात्री त्रास झाला, आता त्याची काळजी घेतली जात आहे, तुमच्यापैकी कोणाला बोलायचे असेल तर मी अकरापर्यंत इथे आहे' एवढेच सांगावे. शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांना मात्र एकेकट्याने जरूर भेटावे.

दुसरे असे की पुरुषांच्या वॉर्डात ही गोष्ट नीट नोंदलीच जात नाही. बाईने केले तर 'स्वतःला इजा' असे लिहितात, पुरुषाने केले तर 'नशेत पडला' किंवा 'रागाच्या भरात' असे लिहून मोकळे होतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि साधारण पावणेसहा कोटींना दारूच्या प्रश्नासाठी मदतीची गरज आहे. त्यांत बहुसंख्य पुरुष आहेत. आपण ज्यांना पाहतो त्यांच्याच बाबतीत आपल्या नोंदी सर्वांत कच्च्या आहेत.

कायदेपंडित_नव्हे

वकील म्हणून थोडे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक स्थितींचा समावेश आहे. म्हणजे हे रुग्ण त्या कायद्याच्या संरक्षणाखाली येतात. कलम ९७ नुसार रुग्णाला एकांत कोठडीत ठेवता येत नाही आणि बांधून ठेवणे हा तत्काळ इजा टाळण्याचा एकमेव मार्ग उरला असेल तरच, तेही मर्यादित वेळेसाठी, परवानगी आहे. 'खोलीत कोंडून ठेवू, म्हणजे काही करणार नाही' हे अनेक केंद्रांतले सर्रास चालणारे धोरण बेकायदा आहे.

पोलीस केसच्या भीतीबद्दलही लिहितो. त्याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ सारखे सरसकट कलम उरलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते वेगळे कलम आहे. ज्या कृतीत मरण्याचा हेतूच नव्हता, तिच्यासाठी 'केस होईल' असा धाक रुग्णाला दाखवणे तर सर्वस्वी निराधार आहे. नावाचा विनोद सोडून द्या, पण एवढे ठामपणे लिहितो.

दुपारची_सावली

माझ्या मिस्टरांच्या बाबतीत आम्हाला सांगण्यात आले होते की ते लक्ष वेधण्यासाठी नाटक करतात, तुम्ही दुर्लक्ष करा म्हणजे थांबतील. मी दुर्लक्ष केले. थांबले नाही, फक्त लपवणे वाढले. आता ते उपचार घेऊन घरी आले आहेत, पीत नाहीत, पण संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मी स्वयंपाकघरातून सारखी डोकावत असते. सासूबाई म्हणतात, तू त्याला कैद्यासारखे वागवतेस. डोकावू नये तर काय करावे, हे कोणी सांगेल का?

कुंकूफूल

सावलीताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, माझ्या परीने उत्तर देते. लपून जे केले जाते ते लक्ष वेधण्यासाठी आहे असे म्हणणेच मुळात जुळत नाही. आणि एखाद्याने खरोखर लक्ष वेधण्यासाठी केले, तरी त्याला लक्षाची गरज होती आणि मागण्याची दुसरी वाट सापडत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

डोकावण्याऐवजी, मिस्टर शांत असतील अशा वेळी दोघांनी बसून एक कागद करा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली सुरक्षा-योजना त्यासाठी वापरतात. त्रास चढू लागल्याची त्यांची स्वतःची चिन्हे कोणती, तेव्हा एकट्याने काय करून पाहायचे, कुठे किंवा कोणाजवळ जाऊन बसायचे, कोणाला सांगायचे, कोणत्या डॉक्टरला फोन करायचा आणि घरातल्या कोणत्या वस्तू काही काळ हाताशी ठेवायच्या नाहीत, हे त्यांच्याच शब्दांत लिहायचे. गोळ्यांचा साठाही त्यांच्या संमतीने तुमच्याकडे ठेवा. 'पुन्हा करणार नाही' असे शपथपत्र मात्र लिहून घेऊ नका. त्याने काही टळते असा पुरावा नाही आणि शपथ मोडली की माणूस ते लपवतो. सहा ते आठ ही त्यांची पूर्वीची पिण्याची वेळ असणार; ती रिकामी न ठेवणे हाच निम्मा उपाय आहे.

समुपदेशक दादांसाठी सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही मानसोपचाराची पद्धत या दोन्ही प्रश्नांवर एकत्र काम करते. व्यसन असलेल्या रुग्णांसाठी तिचे वेगळे रूपही त्यांनी तयार केले. लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले की तरुणपणी त्यांनी स्वतःला इजा केली होती आणि त्या रुग्णालयात राहिल्या होत्या. वर सिस्टरांनी 'चहापासून सांग' म्हणत जे केले, ते डीबीटीतले साखळी-विश्लेषणच आहे, नाव न घेता केलेले. त्यात व्यसनाविषयी एक दुहेरी भूमिका असते: पूर्ण बंद करण्याचा निर्धार शंभर टक्के, आणि घसरण झालीच तर तिचे नुकसान कमीत कमी ठेवून लगेच परत कसे यायचे याची तयारीही आधीच. इजेच्या बाबतीतही अशीच भूमिका ठेवावी. भावना शिगेला पोचली असताना चेहऱ्यावर थंडगार पाण्याचे हबके, जोरात चालणे, श्वास लांबवत सोडणे यांनी शरीर खाली येते. हृदयविकार असेल तर थंड पाण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. वेदनेची नक्कल करणारे 'पर्याय' शिकवण्याची पूर्वी पद्धत होती; मी ते शिकवत नाही.

जुना_गडी

एक शंका आहे. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन गोळी इजेवरही चालते, असे एकाने सांगितले होते. खरे का?

वैद्यबुवा_नाशिक

इजेनंतर शरीरातच तयार होणाऱ्या अफूसदृश रसायनांमुळे बरे वाटते असा एक तर्क आहे आणि नाल्ट्रेक्झोन त्यांचा मार्ग अडवते, म्हणून ती वापरून पाहिली गेली. निष्कर्ष संमिश्र आहेत. दारूसाठी ती जरूर द्यावी, इजेसाठी हमखास म्हणून नाही. शिवाय गर्द किंवा ब्युप्रेनॉर्फिन (गर्दसारख्या व्यसनावरचे औषध) घेणाऱ्याला ही गोळी दिली तर तीव्र विड्रॉल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होतो, त्यामुळे मित्राच्या डबीतून तर कधीच घेऊ नये.

तालुक्याचा_समुपदेशक

सर्वांचे आभार. व्यवस्थापनापुढे नवे कलम ठेवणार आहे, त्याचा मसुदा असा: 'उपचारकाळात रुग्णाने स्वतःला इजा केल्यास प्रथमोपचार, त्याच दिवशी समुपदेशकाची भेट आणि डॉक्टरांकडून आत्महत्येच्या धोक्याची तपासणी होईल. केवळ या कारणावरून डिस्चार्ज दिला जाणार नाही.' प्रवेशाच्या मुलाखतीत 'त्रास असह्य झाला तेव्हा तुम्ही कधी स्वतःला इजा केली आहे का? शेवटची कधी?' हे दोन प्रश्न दारूच्या प्रश्नांनंतर लगेच, नातेवाईक खोलीबाहेर असताना विचारायचे ठरवले आहे.

तर्ककर्कश

मसुद्याला विरोध नाही, पण एक वाक्य वाढवा. मरण्याचा विचार आणि त्याची योजना असेल, जखम मोठी असेल किंवा रात्री लक्ष ठेवणे शक्य नसेल, तर रुग्णाला मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात हलवले जाईल, आणि हलवताना आमचा माणूस चिठ्ठी घेऊन सोबत जाईल. तिथून सुटल्यावर त्याची खाट परत मिळेल. खाट परत मिळणार असेल तर मी याला हकालपट्टी म्हणणार नाही आणि माझ्या विश्वस्तांनाही तसे समजावू शकेन.

वैद्यबुवा_नाशिक

सहमत. शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत छापा.

वॉर्ड_क्रमांक_दोन

मी सेवक आहे, रात्रीच्या ड्युटीला असतो. तुम्ही सगळे सकाळी येता. रात्री दोनला पोरगा बाथरूममधून येतो आणि त्याचा हात टॉवेलात गुंडाळलेला असतो. तेव्हा मी काय बोलायचे ते कोणी लिहिलेले नाही.

मी_अजून_इथेच

दादा, माझ्यापुरते सांगतो. 'बस, आधी हे बांधू' एवढे म्हणा. दिवा मोठा करू नका, बाकीच्यांना उठवू नका. पट्टी होईपर्यंत काही विचारू नका. मग पाणी द्या आणि 'आत्ता मरावंसं वाटतंय का?' असे सरळ विचारा. हो म्हणाला तर त्याला सोडून फोन शोधायला जाऊ नका, फोन आधीपासून खिशात ठेवा.

रात्रपाळी_लीड्स

यात एवढेच वाढवते की रक्त थांबत नसेल किंवा जखम खोल वाटत असेल तर दाबून धरून लगेच १०८ लावा, सकाळची वाट पाहू नका. नाही म्हणाला तरी पहाटेपर्यंत त्याला नजरेसमोर झोपवा, आणि काय झाले ते सकाळी समुपदेशकांना तोंडी सांगण्याआधी वहीत वेळेसह लिहा.

तालुक्याचा_समुपदेशक

हे दोन्ही प्रतिसाद एकत्र करून रात्रीच्या टेबलाच्या काचेखाली ठेवतो. दादा, तुमच्याकडे केंद्राचा फोन रात्री कपाटात कुलूपबंद असतो का? आमच्याकडे असतो, ते आजपासून बंद करायला सांगतो.

वॉर्ड_क्रमांक_दोन

कुलूपच असते. किल्ली ऑफिसात आणि ऑफिसला पण कुलूप.